टीबीच्या गोळ्या आणि डोळे: दर महिन्याला विचारायचा एक प्रश्न



क्षयरोगाबद्दल आपल्या पत्रिकेत लिहायचे म्हटले की आम्ही खोकला, थुंकीची तपासणी, पोषण आहार आणि गोळ्या न चुकवणे याविषयी लिहितो. या वेळी डोळ्यांविषयी लिहिते आहे. कारण आमच्या भागातील एका माणसाची नजर अधू झाली, आणि त्याच्या घरी दर महिन्याला जाणारी मीच होते.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरातील एका पाड्यावरचे हे दादा. नाव देत नाही. वय पन्नाशीच्या आसपास, थोडी कोरडवाहू शेती, फावल्या वेळी बांबूच्या टोपल्या विणणे. टीबीचे निदान झाले तेव्हा वजन 36 किलो. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. मी महिन्यातून एकदा जायची, रिकाम्या झालेल्या पट्ट्या मोजायची, खोकला कमी झाला का विचारायची, वजन करायची. सगळे ठीक चालले होते. चौथ्या महिन्यात त्यांची बायको हसत हसत म्हणाली, "याला लाल मिरच्या तोडायला पाठवलं तर हिरव्याच तोडून आणल्या." मीही हसले. दादा म्हणाले, "चुलीचा धूर डोळ्यांत बसलाय." मी वहीत लिहिले, गोळ्या नियमित, वजन दोन किलो वाढले, आणि पुढच्या घरी गेले.

मग त्यांनी बाजारात पन्नासची समजून शंभराची नोट दिली. मग टोपलीची वीण चुकू लागली. तेव्हा घरच्यांनी त्यांना डोळ्यांच्या शिबिराला नेले. तिथे बॅटरीने पाहून सांगितले की मोतीबिंदू नाही, डोळा स्वच्छ आहे, काळजी करू नका. ते खरेही होते. डोळा स्वच्छच होता. पण या माणसाला टीबीची औषधे चालू आहेत हे शिबिरात कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही. त्यात आणखी तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत रोज सकाळी दादांनी न चुकता गोळ्या घेतल्या, कारण गोळी चुकवायची नाही असे मीच त्यांना बजावले होते.

झाले काय, ते नीट समजावून सांगते. धर्मशास्त्राच्या पदविकेत वैद्यकशास्त्र शिकवत नाहीत. मी जे लिहिते आहे ते आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून आणि नेत्रतज्ज्ञांकडून शिकलेले आहे, आणि हे सगळे मला आधी माहीत असायला हवे होते.

आपल्या देशात साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे एकाच गोळीत येतात: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. म्हणजे इथॅम्ब्युटॉल पूर्ण सहा महिने पोटात जाते. पूर्वी, एक दिवसाआड औषध देण्याची पद्धत होती तेव्हा, नवीन रुग्णाला ते पहिले दोन महिनेच मिळे. रोजची गोळी आली आणि ते सहा महिन्यांवर गेले. हा बदल विचारपूर्वक केलेला आहे. एखाद्या रुग्णाचा जंतू आयसोनियाझिडला दाद देत नसेल तर दुसऱ्या टप्प्यातही रिफॅम्पिसिनच्या सोबतीला कोणीतरी हवे, नाहीतर जंतू त्यालाही सरावतो. इथॅम्ब्युटॉल ही ती सोबत. तेव्हा ते वाईट औषध आहे असे कृपया कोणी मनात धरू नये. 1961 साली ते सापडले, आणि तेव्हापासून जगभर असंख्य माणसे त्याच्या मदतीने बरी झाली आहेत.

पण काही थोड्या माणसांत हे औषध डोळ्याच्या नसेवर परिणाम करते. डोळा म्हणजे कॅमेरा धरला, तर ही नस म्हणजे कॅमेऱ्यापासून मेंदूपर्यंत जाणारी तार. कॅमेऱ्याची काच स्वच्छ असते, तार बिघडते. म्हणून वरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही. सुरुवातीला तर यंत्राने आतला पडदा तपासला तरी तो बरेचदा नेहमीसारखाच दिसतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, चिकटत नाही. बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांची नजर बरोबरच उतरते, त्यामुळे एका डोळ्याची दुसऱ्याशी तुलना होऊन लक्षात यावे, तेही होत नाही. नजरेच्या मधोमध धूसर डाग येतो. समोरच्याचे कान दिसतात, नाक पुसट होते. आणि रंग फिके पडतात, विशेषतः लाल आणि हिरवा यांतला फरक जातो. मिरचीचा विनोद हा विनोद नव्हताच.

हे सहसा पहिल्या आठवड्यात होत नाही. दोन महिन्यांनंतर, बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पुढे होते. नेमके त्याच काळात आपण सगळे सैलावतो. खोकला थांबलेला असतो, भूक लागायला लागलेली असते, आणि रुग्ण बरा होतोय म्हणून माझ्यासारखी कार्यकर्ती घाईने पुढच्या पाड्याकडे निघते.

हे किती जणांना होते? ते मात्रेवर अवलंबून असते. शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज 15 मिलिग्रॅम औषध जात असेल तर शंभरात एकालाही नाही, 25 मिलिग्रॅम असेल तर शंभरात पाच-सहा जणांना, असे आकडे नेत्रतज्ज्ञ सांगतात. आता आमच्या भागाचे गणित पाहा. प्रौढांच्या एका गोळीत इथॅम्ब्युटॉल 275 मिलिग्रॅम असते. 35 ते 49 किलो वजनाच्या सगळ्यांना रोज तीन गोळ्या, म्हणजे 825 मिलिग्रॅम. 48 किलोच्या माणसाला हे किलोमागे साधारण 17 पडते. आमच्या 36 किलोच्या दादांना जवळजवळ 23. यात कोणाची चूक नाही. तक्ता असाच आहे आणि गट कुठेतरी पाडावेच लागतात. पण हडकुळा माणूस गटाच्या तळाशी असतो आणि त्याच्या वाट्याला किलोमागे जास्त औषध येते, हे लक्षात ठेवून त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. आणि डोंगरातले आमचे बहुतेक रुग्ण हडकुळेच असतात.

आणखी काहींना जपावे लागते. हे औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या अंगात ते साठून राहते. अशांबाबत डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. म्हातारी माणसे, मधुमेही, आणि दारू-तंबाखूची सवय असलेले. अर्धपोटी राहून दारू आणि तंबाखू चालू असेल तर औषध नसतानाही डोळ्याची नस सुकते. व्यसनाविषयी आम्ही पाड्यापाड्यांवर बोलतोच. आता त्यात हेही सांगतो.

दादांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. पाचव्या महिन्याच्या अखेरीस मी गेले तेव्हा ते दारातच बसले होते. मी समोर उभी राहिले, तरी बोलेपर्यंत त्यांनी मला ओळखले नाही. त्या दिवशी मात्र मी घाबरले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी ऐकताक्षणी विचारले, "इथॅम्ब्युटॉल किती महिने झाले?" आणि त्याच दिवशी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. इथॅम्ब्युटॉल बंद झाले. एकत्र गोळीतून एक औषध काढून टाकता येत नाही, म्हणून उरलेली औषधे सुटी द्यावी लागली, आणि ती मिळवण्यासाठी दोन फेऱ्या माराव्या लागल्या. टीबी पूर्ण बरा झाला. नजर हळूहळू, महिन्यामहिन्याने थोडी परतली. आता ते एकटे शेतावर जातात. टोपल्या विणत नाहीत. माणूस आवाजावरून ओळखतात.

लक्षणे दिसताच औषध थांबले तर बहुतेकांची नजर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते. उशीर झाला तर कायमचे नुकसान होऊ शकते. या औषधाच्या बाबतीत चार आठवडे म्हणजे फार मोठा काळ आहे.

यानंतर मी जे केले तेही लिहिते, कारण त्यातही चूक झाली. मी पेटून उठले होते. प्रत्येक पाड्यावर बैठक घेऊन सांगू लागले की टीबीच्या गोळ्यांनी डोळे जाऊ शकतात, सावध राहा. एका बैठकीत एक तरुण आई होती, अंगावर पिणारे बाळ, उपचाराचा तिसरा महिना. तिच्या डोळ्यांना काहीही झालेले नव्हते. ती घरी गेली आणि तिने गोळ्या धान्याच्या कणगीत लपवल्या. सतरा दिवसांनी आशाताईंना पट्ट्या सापडल्या. विचारल्यावर ती म्हणाली, "ताईच म्हणाली, आंधळं करतात." थुंकी पुन्हा तपासली, औषध पुन्हा सुरू झाले, बाळाची तपासणी झाली. दोघेही ठीक आहेत. पण त्या सतरा दिवसांत काहीही होऊ शकले असते. अर्धवट सोडलेला टीबी औषधांना न जुमानणारा होऊन परत येतो, आणि तो घरातल्या बाळालाही गाठतो.

म्हणून आता आम्ही काय सांगायचे ते शब्द ठरवून घेतले आहेत. आशाताईंशी बसून, पावरी आणि भिलीत कसे म्हणायचे हे त्यांच्याकडूनच घेतले. त्याचा मराठी अर्थ असा: "ही गोळी तुला बरं करणार आहे. क्वचित कोणाच्या नजरेला त्रास होतो. झाला तर लवकर कळलं पाहिजे, मग डॉक्टर त्यातलं एकच औषध काढतात आणि बाकीची चालू ठेवतात. तू आपल्या मनानं काही बंद करू नकोस. ज्या दिवशी अंधुक वाटेल त्याच दिवशी आम्हाला सांग." बैठकीत सर्वांसमोर नाही, रुग्णाच्या घरी, घरच्या माणसाला शेजारी बसवून. आणि हे बोलणाऱ्याने बोलून झाल्यावर पाच मिनिटे तिथेच बसायचे, कारण खरे प्रश्न तेव्हा येतात.

बहुतेकांचा पहिला प्रश्न लाल लघवीचा असतो. रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, अगदी डोळ्यांतले पाणीसुद्धा नारिंगी-लाल होते. ते दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी आहे. लोक त्या रंगाला घाबरून औषध सोडतात आणि जे खरोखर सांगायला हवे ते चुलीच्या धुरावर ढकलतात. रातांधळेपणाचीही गल्लत होते. संध्याकाळ झाली की दिसत नाही, दिवसा ठीक दिसते, तर ते वेगळे दुखणे आहे. इथॅम्ब्युटॉलचा त्रास भर दुपारी स्वच्छ उजेडातही असतो.

तपासणी कशी करतो? पहिली गोष्ट, औषध सुरू होण्याआधी, किंवा निदान पहिल्या आठवड्यात, नजर मोजून लिहून ठेवणे. हे नसेल तर पुढच्या कशालाच अर्थ नाही. आमच्या लोकांत चाळिशी लागलेले, मोतीबिंदू असलेले पुष्कळ असतात. आधी किती दिसत होते हेच माहीत नसेल तर आता कमी झाले की नाही कसे कळणार? काही पुरुषांना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. असा एक तरुण आम्हाला पहिल्याच दिवशी सापडला. आधी कळले नसते तर चौथ्या महिन्यात त्याचे औषध उगाच थांबवले गेले असते.

अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी 'ई'चा तक्ता मिळतो. बोटे कोणत्या दिशेला आहेत ते रुग्णाने हाताने दाखवायचे. तक्ता सहा मीटरवर लावायचा असतो आणि पाड्यावरच्या कोणत्याही घरात सहा मीटर सरळ जागा नसते, म्हणून तो आंब्याच्या खोडाला टांगतो आणि दोरीने अंतर मोजतो. दोरीला गाठी मारलेल्या आहेत. एका वेळी एकच डोळा, दुसरा तळहाताने झाकलेला, पण दाबलेला नाही. लोक बोटांच्या फटीतून पाहतात, ते हसून सोडून द्यायचे आणि पुन्हा घ्यायचे. कोणती ओळ वाचली ते तारखेसह लिहायचे.

रंगांसाठी नेत्रतज्ज्ञांकडे ठिपक्यांच्या चित्रांचे पुस्तक असते. जपानचे डॉक्टर इशिहारा यांनी 1917 मध्ये काढलेले, आजही तेच चालते. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा. आकडे येत नसतील त्यांच्यासाठी बोटाने गिरवायच्या वळणदार रेघांची पानेही त्यात आहेत. असे एक पुस्तक आपल्यापैकी एका मंडळीच्या भगिनी मंडळाने घेऊन दिले. ते दर महिन्याच्या बाजाराच्या दिवशी आम्ही घेऊन बसतो. घरोघरी मात्र मिरच्याच. एका परडीत पिकलेल्या आणि हिरव्या मिरच्या मिसळून द्यायच्या आणि वेगळ्या करायला सांगायच्या. रंगाचे नाव विचारायचे नाही, नाहीतर भाषेचा घोळ होतो. ही काही शास्त्रीय चाचणी नाही, आणि मिरच्या बरोबर निवडल्या म्हणून डोळे ठीक आहेत असे कोणी समजू नये. पण निवडताना हात अडखळला, तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि प्रश्न. "डोळे कसे आहेत?" असे विचारले की "बरे आहेत" असेच उत्तर येते, हे मी पुरेपूर अनुभवले आहे. म्हणून कामावरून विचारतो. तांदळातले खडे दिसतात का? सुईत दोरा ओवता येतो का? मोहाची फुले वेचताना पूर्वीइतकीच सापडतात का? माझ्या नाकाकडे बघ, चेहरा मधेच पुसतो का? मार्कच्या आठव्या अध्यायातला बेथसैदाचा आंधळा आपल्याला माहीत आहे. प्रभूने हात ठेवल्यावर त्याला विचारले की काही दिसते का, आणि त्याने खरे सांगितले की माणसे दिसतात, पण झाडांसारखी. त्याला विचारले गेले म्हणून त्याने सांगितले. मी तो उतारा कितीदा तरी शिकवला असेल, आणि दादांच्या दारात तो मला आठवला नाही.

गेल्या वर्षी या विचारण्याने एक रुग्ण वेळेवर सापडली. गोधडी शिवणारी बाई, चौथा महिना. आशाताईंनी सुईचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "ओवता येत नाही, पण सासूला येत नाही तसं नाही. भोकच पुसल्यासारखं होतं." तक्त्यावर दोन्ही डोळ्यांची दोन-दोन ओळी घसरण होती. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञ, त्याच दिवशी इथॅम्ब्युटॉल बंद, बाकीची औषधे चालू. तीन महिन्यांनी ती पुन्हा आपल्या मूळ ओळीवर आली.

लहान मुलांचे थोडे वेगळे. त्यांना तक्ता कळत नाही, म्हणून आईलाच विचारायचे: मूल अडखळते का, पडलेली वस्तू चाचपते का, चेहरा ओळखून हसते का. त्यांच्या औषधांत इथॅम्ब्युटॉलची गोळी वेगळी असते, त्यामुळे डॉक्टरांना ती थांबवणे सोपे जाते. आणि औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या उपचारात लिनेझोलिड नावाचे औषध असते. तेही डोळ्याच्या नसेला आणि हातापायांच्या नसांना त्रास देऊ शकते. ते चालू असलेल्यांना नजरेबरोबर तळपायांची आग किंवा मुंग्या येतात का, हेही विचारावे.

हे सारे डोंगरातलेच आहे असे समजू नका. टीबी मुंबई-पुण्याच्या चाळीत आणि सोसायटीतही आहे, आपल्या मंडळ्यांतही आहे, फक्त तिथे त्याबद्दल बोलत नाहीत. आपल्या घरात किंवा शेजारी कोणी ही औषधे घेत असेल तर भेटीला जाताना फळांबरोबर हा प्रश्नही न्या. चश्म्याच्या दुकानात नंबर बदलून घेण्याआधी टीबीची औषधे चालू आहेत हे सांगायला लावा. नव्या चश्म्याने यात काही सुधारत नाही, नुसता वेळ जातो. शंका असेल तर उपचार चालू असलेल्या दवाखान्यात त्याच दिवशी जावे, किंवा क्षयरोगासाठी सरकारचा 1800-11-6666 हा मोफत क्रमांक आहे.

सध्या आमच्यापुढे दिवाळीनंतरचा प्रश्न आहे. ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत जातात, गोळ्यांच्या पट्ट्या गाठोड्यात बांधून. तिथे ना आशाताई, ना आंब्याला टांगलेला तक्ता. म्हणून एक जाड कार्ड छापत आहोत, खिशात मावेल एवढे. एका बाजूला रुग्णाची पहिल्या दिवशीची ओळ आणि वजन. दुसऱ्या बाजूला, कोणत्याही डॉक्टरला किंवा शिबिरात दाखवता येईल अशा मोठ्या अक्षरांत: या व्यक्तीला इथॅम्ब्युटॉल चालू आहे, नजर कमी झाल्याची तक्रार असल्यास औषधाचा विचार करावा. मराठीत आणि गुजरातीत. गुजराती मजकूर तिकडच्या एका पाळकसाहेबांनी तपासून दिला आहे. टोळ्या निघण्याआधी कार्डे हातात पडायला हवीत, आणि मुकादम तारीख आदल्या रात्री सांगतो.